साथीच्या काळात कुणी कुठवर थांबायचं: ठरवण्याची रीत

10 मार्च 2020 ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट परगण्यात, एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. 61 जण आले होते. त्यांपैकी 53 जण कोविडने आजारी पडले, दोघं दगावले. कुणी नियम मोडला नव्हता, तिथे जमण्यावर बंदीच नव्हती. दाराशी सॅनिटायझर होता, गळाभेटीही टाळल्या होत्या. जबाबदारीची जाणीव होती, ती चुकीच्या जागी खर्च झाली. हात स्वच्छ ठेवले आणि बंद खोलीत एकमेकांचा श्वास घेत गाणी म्हटली.

म्हणून स्वातंत्र्य मोठं की कर्तव्य मोठं, या वादाला बसण्याआधी रोग नेमका कसा पसरतो ते विचारावं. निम्मे वाद तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी खालची रीत आहे. ती दोघांच्या कामाची आहे: स्वतःपुरतं ठरवणाऱ्याच्या, आणि इमारतीची कमिटी, ऑफिस, शाळा किंवा क्लब यांच्यासाठी नियम लिहायची वेळ आलेल्याच्या.

आधी रोगाची चार उत्तरं मिळवा

एका कागदावर चार ओळी लिहा. रोग कशातून पसरतो: हवेतून, थेंबांतून, स्पर्शातून, पाण्यातून की डासांतून? लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत किती दिवस जातात? माणूस कधीपासून कधीपर्यंत दुसऱ्याला रोग देऊ शकतो? आणि सगळ्यात जास्त धोका कुणाला?

तिसऱ्या ओळीवर बाकी सगळं उभं असतं. गोवरात अंगावर पुरळ यायच्या 4 दिवस आधीपासून पुरळ आल्यावर 4 दिवसांपर्यंत माणूस संसर्ग देतो. फ्लूमध्ये साधारण एक दिवस आधीपासून लक्षणांनंतर 5 ते 7 दिवस. कोविडमध्ये लक्षणांच्या साधारण 2 दिवस आधीपासून. म्हणजे या रोगांत "मला काहीच होत नाहीये, मग मी का थांबू?" हे वाक्य प्रामाणिक असूनही चुकीचं ठरतं. इबोलात मात्र लक्षणं सुरू व्हायच्या आधी माणसापासून धोका नसतो, त्यामुळे तिथे धडधाकट दिसणाऱ्या सगळ्यांना कोंडून ठेवण्याला आधार नाही. रोग बदलला की न्याय्य काय तेही बदलतं. मागच्या साथीचे नियम जसेच्या तसे पुढच्या साथीला लावणं हा आळस आहे.

नवीन रोगात सुरुवातीला या ओळी रिकाम्याच असतात. तेव्हा कडक पण थोडक्या दिवसांचा उपाय घ्यावा. दर 3 दिवसांनी दुप्पट होणारी साथ 30 दिवसांत 10 वेळा दुप्पट होते, एकाचे 1,024 होतात. निर्णय एक आठवडा लांबवला तर रुग्ण सुमारे पाचपट झालेले असतात. लवकर थांबण्याच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा. पण तो 'लवकर'साठी आहे, 'कायम'साठी नाही. दोन महिन्यांनी चारही ओळी भरल्या असतील आणि नियम तसाच असेल, तर तो आता सवयीने चालला आहे.

माझं, दुसऱ्याचं आणि दोघांच्या मर्जीचं

आता समोरची कृती तीनपैकी एका खान्यात टाका. पहिला खाना: धोका फक्त मला. एकट्याने मोकळ्या मैदानात धावणं, आपल्या गाडीत एकटं बसणं, आपल्या घरात आपण काय करतो ते. यात कुणी नाक खुपसू नये, आणि नियमानेही नाही. मैदानं आणि बागा बंद करून लोकांना आत ढकलणारे आदेश कोविडमध्ये अनेक देशांनी काढले. हवेतून पसरणाऱ्या रोगात तो उलटा उपाय होता.

दुसरा खाना: धोका दुसऱ्यालाही आहे, पण तो माहिती असून राजी आहे. चार मित्र कुणाच्या तरी गच्चीवर भेटतात. इथे एकच प्रश्न जास्तीचा विचारायचा: यातला प्रत्येक जण इथून घरी कुणाकडे जाणार? राजी झालेल्या मित्राच्या घरी केमोथेरपी चालू असलेली आई असेल, तर तिची मर्जी कुणी विचारलेली नाही.

तिसरा खाना: धोका अशा माणसाला, ज्याला टाळता येत नाही. लिफ्ट, बस, औषधाचं दुकान, दवाखान्याची रांग, परीक्षेचा हॉल. इथे "ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावं" हे चालत नाही, कारण डायलिसिसला जाणाऱ्याला घरी बसता येत नाही. मास्क, अंतर, आजारी असताना न येणं या अपेक्षा इथे सगळ्यात पक्क्या ठेवायच्या. आपली मुभा इथेच आखडती घ्यायची, म्हणजे बाकी दोन खाने मोकळे ठेवता येतात.

हवा: कुणाचंही स्वातंत्र्य न घेणारा उपाय

श्वासातून पसरणाऱ्या रोगात खोलीची हवा सुधारली की कुणावर सक्ती करावी लागत नाही. तरी कमिट्या आधी दंड ठरवतात आणि खिडक्यांकडे शेवटी वळतात. उलट करा.

हिशोब सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजून गुणा. 4 बाय 3 ची, 3 मीटर उंचीची खोली 36 घनमीटर. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, 2023 मध्ये तासाला किमान 5 वेळा स्वच्छ हवा बदलण्याचं उद्दिष्ट सुचवलं. म्हणजे या खोलीला तासाला 180 घनमीटर स्वच्छ हवा हवी. एअर प्युरिफायरच्या खोक्यावर 'सीएडीआर' म्हणून आकडा असतो, म्हणजे यंत्र किती स्वच्छ हवा देतं ते. तो तासाला घनमीटरमध्ये 180 च्या वर पाहिजे. 10 बाय 6 च्या, 3 मीटर उंच हॉलला हाच आकडा 900 होतो. तिथे बेडरूमसाठी घेतलेला छोटा प्युरिफायर म्हणजे कोपऱ्यातली शोभेची वस्तू. आणखी एक घोळ: प्युरिफायर आवाज करतो म्हणून लोक तो सगळ्यात हळू वेगावर लावतात. खोक्यावरचा आकडा मात्र सगळ्यात जोराच्या वेगाचा असतो. म्हणून एक आकार मोठा घ्यावा आणि मधल्या वेगावर चालवावा.

एका बाजूची एकच खिडकी उघडून फारसं साधत नाही. समोरासमोरच्या दोन उघडा. दुसरी नसेल तर दार उघडं ठेवून खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने लावा. छताचा पंखा हवा फिरवतो, बदलत नाही. खोलीतून आजारी माणूस बाहेर गेल्यावर तासाला 5 बदल असतील तर तासाभरात तिथल्या विषाणूंपैकी एक टक्क्याहून कमी उरतात. तासाला एकच बदल असेल तर एक तृतीयांशाहून जास्त तिथेच असतात.

मोजायचं असेल तर कार्बन डायऑक्साइडचं मीटर घ्या. बाहेरच्या हवेत तो सुमारे 420 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 420 भाग असतो. खोलीत माणसं बसल्यावर अर्ध्या तासाने आकडा 800 च्या आत असेल तर ठीक. 2,000 दिसला तर तुमच्या दर 25 श्वासांतला साधारण एक श्वास आधी कुणाच्या तरी छातीतून आलेला आहे. मीटर खिडकीत किंवा कुणाच्या तोंडासमोर ठेवू नका, दोन्हीकडे ते खोटं बोलतं. खोलीत गॅस पेटलेला असेल तर आकडा उगाच चढतो. आणि प्युरिफायर विषाणू गाळतो, कार्बन डायऑक्साइड गाळत नाही, तेव्हा प्युरिफायर चालू असताना फक्त मीटर बघून घाबरू नये.

मास्कबद्दल थोडंच. एन-95 चा दर्जा 0.3 मायक्रॉनचे किमान 95 टक्के कण अडवण्याचा आहे, पण हवा कडेने निसटली नाही तरच. तो लावून दोन्ही तळहात समोर धरा आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. चिमटीत धरून दाबली की मधे कोन पडून फट राहते. दाढीवर तो बसत नाही. झडपवाला मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतो, म्हणून तिसऱ्या खान्यातल्या जागी तो चालवून घेऊ नये. एन-95 धुवायचा नसतो. इलॅस्टिक सैल झालं की टाकून द्यायचा.

स्वतः आजारी पडलात तर

दोन शब्दांत गल्लत होते. आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण. संपर्कात आलेल्या, अजून धडधाकट माणसाने वेगळं राहणं म्हणजे अलगीकरण, ज्याला सगळे क्वारंटाइन म्हणतात. दोन्हींचे दिवस वेगळे मोजतात. विलगीकरणात लक्षणं सुरू झाली तो दिवस शून्य, दुसरा दिवस पहिला. अलगीकरण शेवटच्या संपर्कापासून मोजतात, आणि घरात सगळ्यांचं इथेच चुकतं. रुग्णाबरोबर एकाच खोलीत झोपत असाल तर तुमचा शेवटचा संपर्क रोजच होतो आहे, आकडा पुढे सरकतच नाही. म्हणून पहिल्याच दिवशी खोली वेगळी करणं हे रुग्णापेक्षा बाकीच्यांच्या मोकळिकीसाठी जास्त महत्त्वाचं.

रुग्णाच्या खोलीची खिडकी उघडी आणि दार बंद ठेवा. खिडकीतला पंखा हवा बाहेर टाकेल असा लावा, म्हणजे घरातली हवा त्या खोलीत जाईल, तिथली घरात येणार नाही. दाराखालच्या फटीशी टिश्यूचा तुकडा धरून पाहा. तो आत ओढला गेला तर जमलं. बाहेर फडफडला तर पंखा उलटा लागला आहे. ताट दाराबाहेर ठेवा आणि दार उघडण्याआधी दोघांनीही मास्क लावा. सेवा एकानेच करावी, आलटून पालटून नको. त्यातल्या त्यात तरुण आणि लस घेतलेल्याने करावी.

घरच्या झटपट चाचणीवर लोक हवा तो अर्थ लादतात. पॉझिटिव्ह आली तर बहुतेक वेळा खरी. लक्षणं असताना पहिल्याच दिवशी निगेटिव्ह आली तर ती काहीच सांगत नाही, 48 तासांनी पुन्हा करा. तोवर पॉझिटिव्ह असल्यासारखं वागा. लग्नाच्या सकाळी एक चाचणी करून "मी निगेटिव्ह आहे" म्हणत जेवणाच्या पंगतीला बसणं ही मनाची समजूत झाली.

संपर्कात आलेल्यांना कळवायला लाज वाटते, म्हणून निरोप आधीच तयार ठेवा. त्यात तारीख, जागा आणि काय करायचं एवढंच लिहा: "मला काल संध्याकाळपासून ताप आहे, आज चाचणी पॉझिटिव्ह आली. मंगळवारी दुपारी आपण मीटिंगच्या खोलीत तासभर एकत्र होतो, खिडक्या बंद होत्या. दोन दिवसांनी चाचणी करून घ्या, तोवर आईबाबांना भेटायचं टाळा." माफीनामा नको. ऑफिसने पुढे कळवताना नाव वगळावं. जागा आणि वेळ पुरते. एकदा कुणाचं नाव फुटलं की पुढचे चार जण ताप लपवून कामावर येतात.

नियम लिहायची वेळ तुमच्यावर आली तर

1984 मध्ये इटलीतल्या सिराक्यूझा इथे कायदेतज्ज्ञांनी हक्कांवरच्या बंधनांसाठी काही तत्त्वं ठरवली. सरकारांसाठी लिहिलेली आहेत, पण 20 घरांच्या इमारतीलाही लागू पडतात. बंधनाला कायद्याचा आधार हवा आणि खरा हेतू हवा. ते गरजेपुरतं हवं, त्याहून सौम्य उपाय उपलब्ध नसावा, भेदभाव नसावा. मुदत असावी आणि फेरविचार व्हावा.

कागदावर हे कसं दिसतं ते पाहू. कमिटीने फलक लावला: "साथीमुळे बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश बंद. कमिटीच्या आदेशावरून." यात तारीख नाही. 'बाहेरचे' कोण ते नाही. म्हातारीला इंजेक्शन द्यायला येणारी नर्स बाहेरची का? रहिवासी दिवसभर गर्दीत फिरून येतात, त्यांना काही नाही आणि घरकामाला येणाऱ्या बाई मात्र फाटकाशी. विषाणू भाडेकरार बघत नाही. आता तोच फलक असा लिहा: "1 तारखेपासून 14 तारखेपर्यंत. ताप, खोकला किंवा घसादुखी असलेल्या कुणीही, रहिवाशांसह, लिफ्ट वापरू नये. मास्क लावून जिन्याने जावं. लिफ्टमध्ये एका वेळी दोघंच, दोघांनाही मास्क. जिना न चढू शकणाऱ्यांनी लिफ्ट एकट्याने वापरावी. वैद्यकीय मदत आणि सेवेकरी यांना अडवू नये. 14 तारखेला नवा फलक लागला नाही तर हा नियम संपला. अडचण असल्यास सचिवांना सांगा." लांबला, पण भांडणं कमी होतील. शेवटून दुसऱ्या वाक्यावर तडजोड करू नका. मुदतवाढ मागण्याचं काम नियम करणाऱ्यावर पडलं पाहिजे, नियम काढा म्हणून विनवण्याचं रहिवाशांवर नाही.

भेदभावाची चूक नवी नाही. 1900 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगच्या नावाखाली चायनाटाउनला वेढा घातला, आणि हद्दीतल्या चिनी नसलेल्यांची घरं वगळून रेषा आखली. कोर्टाने तो वेढा रद्द केला. हजारो लोकांना एकत्र कोंडल्याने रोग आटोक्यात येण्याऐवजी आतच पसरेल, हेही कोर्टाने बोलून दाखवलं.

दुसरी चूक म्हणजे थांबा म्हणणं आणि थांबणाऱ्याला लागेल ते पोचवायचं विसरणं. मेरी मॅलन या स्वयंपाकिणीच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते, तिला स्वतःला त्रास नव्हता. न्यूयॉर्कने तिला 1907 मध्ये बेटावर ठेवलं, 1910 मध्ये "पुन्हा स्वयंपाक करणार नाही" या अटीवर सोडलं. मिळालं काय, तर कमी पैशाचं धुण्याचं काम. 1915 मध्ये ती वेगळ्या नावाने एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात सापडली, तिथे 25 जणांना लागण झाली होती. मग 1938 मध्ये मरेपर्यंत ती बेटावरच राहिली. तिची चूक होतीच. पण पोट कशावर भरायचं याचं उत्तर न देता घातलेली अट अशीच मोडते. याउलट 1666 मध्ये इंग्लंडमधलं ईम हे गाव प्लेगमुळे स्वतःहून बंद राहिलं, तेव्हा आसपासच्या गावांनी हद्दीच्या दगडापाशी धान्य आणून ठेवलं. तेव्हा अलगीकरणाचा नियम लिहिताना त्याच कागदावर लिहा: किराणा कोण आणणार, औषधं कोण, पगार कापला जाणार की नाही. पगार कापणाऱ्या ऑफिसात ताप कुणालाच येत नाही, डोकं फक्त जड असतं.

येणाऱ्याजाणाऱ्यांची वही ठेवणार असाल तर नाव, फोन, वेळ एवढंच घ्या. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ (अधिशयन काळ) 14 दिवसांचा असलेल्या रोगात त्याहून जुनी पानं दर आठवड्याला फाडून टाका, फाडणाऱ्याची सही घ्या. सिंगापूरच्या ट्रेसटुगेदर अ‍ॅपबद्दल माहिती फक्त संपर्कशोधासाठी वापरू असं सांगितलं होतं. जानेवारी 2021 मध्ये संसदेत उघड झालं की पोलीसही ती मागू शकतात. गदारोळ झाला आणि फेब्रुवारीत कायदा करून ती मोजक्या गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादित करावी लागली. जमवलेल्या माहितीला दुसरा उपयोग सापडतोच.

लसीची सक्ती

इथे आधी विचारा: ही लस नेमकं काय थांबवते? गोवराच्या दोन मात्रा संसर्गच अडवतात, आणि साथ रोखायला सुमारे 95 टक्के लोक लसवंत लागतात; न घेणाऱ्याचा भार थेट तान्ह्या बाळांवर पडतो. कोविडच्या लशींनी गंभीर आजार आणि मृत्यू चांगले रोखले, पण ओमायक्रॉननंतर संसर्गापासूनचं संरक्षण काही महिन्यांत ओसरायचं. 'दुसऱ्यासाठी घ्या' हा युक्तिवाद पहिल्या लसीला जितका बसतो तितका दुसरीला बसत नाही, आणि सक्तीचा जोरही त्या मापाने कमी हवा.

पायऱ्या खालून चढा. लस कामाच्या जागीच द्या. दुसऱ्या दिवशी ताप आला तर भरपगारी सुट्टी द्या. शंकांना डॉक्टरांकडून उत्तरं मिळू द्या. न घेणाऱ्याला चाचणीचा पर्याय द्या, जमत नसेल तर काम बदलून द्या. दंड अगदी वरच्या पायरीवर. हात धरून सुई कधीच नाही. 1905 च्या जेकबसन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने देवीच्या लसीची सक्ती मान्य केली, तेव्हाही शिक्षा 5 डॉलर दंडाची होती. पण 1927 मध्ये त्याच निकालाचा दाखला देऊन त्याच कोर्टाने एका तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. नियम लिहिताना त्याचा आधार किती लांब ताणता येईल, हेही पाहून ठेवावं.

नियम चुकीचा वाटला तर

लेखी विचारा: कुठलं नुकसान टळतं, सौम्य पर्याय का नाही, मुदत कधी संपते? सोबत तुमचा पर्याय द्या. उत्तर येईपर्यंत, तिसऱ्या खान्यातल्या जागी नियम पाळा. चूक निघाली तर तुमची गैरसोय भरून येते, दुसऱ्याचं फुप्फुस येत नाही. अपवाद मोजके आणि ठाम: उपचार, बाळंतपण, अन्नपाणी यांच्या आड येणारा नियम, आणि घरात मारहाण सोसणाऱ्याला घरातच ठेवणारा नियम. हे अपवाद नियमातच लिहिलेले असावेत. नसतील तर पहिली तक्रार त्याचीच करा.

न ऐकणाऱ्याशी बोलताना मत बदलायला जाऊ नका, एका कृतीपुरतं मागा. "तू विज्ञान मानत नाहीस" म्हटलं की संपलं. त्यापेक्षा: "दादा, तुझं मत राहू दे बाजूला. रविवारी आईकडे येताना घसा खवखवत असेल तर येऊ नकोस. आलास तर आपण अंगणात बसू." बहुतेक जण एवढं करतात.

नियम काढणं

काढायची अट लावतानाच लिहावी: समजा, परिसरात सलग 14 दिवस नवा रुग्ण नाही, किंवा हॉलमध्ये मीटर 800 च्या आत राहतं आहे. अट पुरी झाली की जास्त त्रास देणारे नियम आधी काढा, फुकटचे शेवटी. खिडक्या उघड्या राहिल्याने कुणाचंच काही जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी 30 जानेवारी 2020 ला जाहीर केली आणि 5 मे 2023 ला उठवली, पण जमिनीवरचे पिवळे गोल आणि काउंटरपुढची प्लॅस्टिकची तावदानं कितीतरी ठिकाणी पुढेही राहिली. त्या तावदानांनी हवा अडून राहायची, म्हणजे उपयोग सोडाच, अडचणच. फलक, गोल आणि तावदानं कोण काढणार आणि वह्या कोण फाडणार, ते नाव पहिल्या दिवशीच नियमाच्या कागदाखाली घाला.